ब्रश पुसायची भिंत

दुकानाच्या मागं, गटाराला लागून
एक भिंत होती. तिला नाव नव्हतं.
पेंटर म्हणायचे, "मागं पुसून येतो."

म्हापशात रंगलेलं जवळजवळ प्रत्येक घर
तिथं चार बोटं तरी लागलेलं होतं.
इनास डावखुरा, त्याचा फटकारा खालून वर जायचा
आणि शेवटी शेपटीसारखा वळायचा.
शाणू हरमलकर तीनदा टपटप आपटायचा,
मग एकच लांब ओढ, जणू हिशेब मिटवला.
नवी पोरं नुसतीच घासायची.
हात बसेपर्यंत घासणंच असतं.

चवथीआधी भिंत पिवळी व्हायची,
तुळशीच्या लग्नाला शेंदरी,
नाताळाआधी पांढरी, आणि कडेकडेनं निळी,
कारण पांढऱ्या घरालाही खिडकीची चौकट असते.
मधेच शिवोलीच्या बसचा पोपटी,
कुणाच्या होडीचा तांबडा.
एकदा जांभळा. तो कशाला होता
ते इनासनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी काउंटरवर रंग मिसळते,
मशीन यायच्या आधीपासून.
गिऱ्हाईक यायचं: "रोझालिनबायच्या घराचा निळा द्या."
कोड? कोड कुणाला माहीत असतो!
मी त्याला मागं न्यायची, गटार ओलांडून.
तो बोट ठेवायचा, "हाच. थोडा उन्हानं खाल्लेला."
मी म्हणायची, "खाल्लेला देता येत नाही,
तो नंतर होतो."

मग दोघं आली, परांची घेऊन,
नगरपालिकेचा कागद, पायांत महागाचे फाटके बूट.
भिंती रंगवायचा कसलासा महोत्सव होता.
मुलगी, शाल्मली, चांगली होती. तिनं विचारलं,
"ही भिंत कुणी वापरत नाही ना?"
मालक म्हणाले, "छे, घाण झालीय नुसती."
वीस लिटर प्रायमर आमच्याकडूनच घेतला.
बिल मी केलं.

पहिल्या हातातून निळा वर आला,
तो मेला येतोच. दुसऱ्या हातात तोही गेला.
आठ दिवसांत तिथं एक मासळीवाली उभी राहिली,
दोन मजले उंच, कानांत सोन्याची कापां,
टोपलीत बांगडे.
बाजारातल्या कुस्तोदिननं येऊन बघितलं, म्हणाली,
"एवढे डोळे मोठे करून बसलं
तर सुटे पैसे कोण मोजणार?"
चित्र चांगलं आहे. खोटं कशाला बोलू.
लोक गाड्या थांबवून फोटो काढतात.

इनास गुरुवारी आला, ओला ब्रश घेऊन.
गटारापर्यंत गेला. थांबला.
इगर्जीत टोपी काढायची राहिल्यासारखा मागं सरकला
आणि ब्रश स्वतःच्या पँटीला पुसला.
शाणूनं विजेच्या खांबाला.
शाल्मलीनं जायच्या दिवशी कुठं पुसला ते मी पाहिलं:
गटाराच्या झाकणावर, सोनेरी, सवयीचा एक फटकारा.
तिच्या लक्षातही आलं नाही.

चवथीच्या तोंडावर, मासळीवालीच्या पायांशी,
फोटोत जिथं लोकांची पावलं येतात
त्या उंचीला पिवळा दिसला.
तीन टपके, एक लांब ओढ.
दुसऱ्या दिवशी शेजारी हिरवा, खालून वर, शेपूट वळलेली.
मालकांनी विचारलं, "हे कोण करतंय?"
मी म्हटलं, "कुत्री असतील."
ते बराच वेळ वाकून बघत राहिले,
मग आत जाऊन पंखा लावून बसले.

आज एकजण आलाय: रोझालिनबायच्या घराचा निळा.
आठवणीनं मिसळला, बोट बुडवलं,
मागं गेले, वाकले, हिरव्याच्या बाजूला लावला.
ओला आहे, आत्ताच काही सांगता येत नाही.
तो घड्याळ बघतोय.
मी म्हटलं, थांबा, चहा सांगते.